दूरच्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांत तारे कधी जन्मले आणि कधी थांबले

प्रश्न थोडक्यात असा आहे: लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणजे जुन्या, लाल ताऱ्यांचा संच आणि तिच्यात नवे तारे जन्मत नाहीत, असे पाठ्यपुस्तकात शिकलो. मग पाच-सात अब्ज वर्षांपूर्वीच्या अशाच दीर्घिकांत ताऱ्यांचा जन्म चालू असल्याची मोजमापे कशी मिळतात? आणि याच्या उलट, विश्व जेमतेम सव्वा अब्ज वर्षांचे असताना तारानिर्मिती पूर्ण थांबलेल्या दीर्घिकाही जेम्स वेब दुर्बिणीला सापडल्या आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील?

दोन्ही खऱ्या आहेत. त्या परस्परविरोधी वाटतात, कारण ‘दीर्घिकेचे वय’ या एकाच शब्दाखाली आपण तीन वेगळ्या तारखा एकत्र करतो: बहुतेक तारे कधी जन्मले, शेवटचा तारा कधी जन्मला आणि ते सगळे तारे एका दीर्घिकेत कधी गोळा झाले. पुण्यात पाडलेल्या एखाद्या वाड्याचे सागवानी खांब आणि तुळया विकत घेऊन कोणी कोकणात नवे घर बांधले, तर लाकडाच्या वयावरून त्या घराचे वय सांगता येत नाही. आणि पुढे त्याच घराला मागच्या अंगाला एक नवी खोली काढली, तर त्या खोलीवरून घर नवे ठरत नाही. दूरच्या दीर्घिकांविषयीचे अर्धेअधिक वाद मी असेच पाहिले आहेत की एक जण लाकडाविषयी बोलत असतो आणि दुसरा त्या खोलीविषयी.

आधी नावाचा गोंधळ दूर करतो. लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार दीर्घिकांना मिळून ‘अर्ली-टाइप’ म्हणतात. एडविन हबल यांनी १९२६ मध्ये दीर्घिकांचे वर्गीकरण करताना हे शब्द वापरले आणि त्यांचा अर्थ कालक्रमाचा घेऊ नये, हेही त्याच वेळी सांगून ठेवले. तरीही ‘अर्ली’ म्हणजे आधीची अवस्था असा समज होतोच, आणि आज आपण जे जाणतो ते जवळजवळ उलटे आहे: चकती असलेली, वायूने भरलेली दीर्घिका ही सहसा आधीची अवस्था असते आणि वायू संपलेली, गोलसर दीर्घिका नंतरची. शिवाय ‘गोलसर’ हेही वरवरचेच वर्णन आहे. ॲटलास-३डी या पाहणीत जवळच्या २६० अर्ली-टाइप दीर्घिकांमधील ताऱ्यांचे वेग मोजले गेले, तेव्हा त्यांतल्या ८६ टक्के दीर्घिका चकतीसारख्या व्यवस्थित फिरताना आढळल्या. वायू गेला, तारानिर्मिती थांबली, तरी फिरणे राहिले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण इतकी शब्दशः लागू पडणारी दुसरी जागा माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता पहिली तारीख, म्हणजे बहुतेक ताऱ्यांच्या जन्माची. तिच्याविषयी फारसा वाद उरलेला नाही. १९९२ मध्ये बोवर, लुसी आणि एलिस यांनी कन्या आणि कोमा या दोन दीर्घिकासमूहांतील अर्ली-टाइप दीर्घिकांचे रंग अतिशय काटेकोरपणे मोजले. तेजस्वी दीर्घिका अधिक लाल आणि मंद दीर्घिका किंचित कमी लाल, अशी एक सरळ रेघ त्यांना मिळाली, आणि त्या रेघेभोवतीचे विखुरलेपण प्रतीच्या (तेजस्वितेच्या मापाच्या) विसाव्या हिश्शाइतकेही नव्हते. तरुण ताऱ्यांचा रंग झपाट्याने बदलतो, म्हाताऱ्या ताऱ्यांचा फार सावकाश. वेगवेगळ्या वेळी जन्मलेल्या दीर्घिका आज जवळजवळ एकाच रंगाच्या दिसायच्या असतील, तर त्यांतले बहुतेक तारे इतक्या पूर्वी जन्मलेले असले पाहिजेत की जन्मवेळेतला फरक आता पुसला गेला आहे. दुसरा पुरावा रासायनिक आहे. मोठ्या वस्तुमानाचे तारे काही कोटी वर्षांतच सुपरनोव्हा होऊन मॅग्नेशियम बाहेर टाकतात. लोहाचा मोठा वाटा मात्र श्वेतखुज्या ताऱ्यांच्या (इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या दाट गाभ्यांच्या) स्फोटांतून येतो आणि त्याला सुमारे अब्ज वर्षांचा विलंब लागतो. सर्वांत वजनदार लंबवर्तुळाकार दीर्घिकांत लोहाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त आहे, याचा अर्थ लोह मिसळायच्या आतच तिथला तारानिर्मितीचा कारखाना आटोपला होता. हलक्या दीर्घिकांत हे प्रमाण कमी होत जाते, म्हणजे त्यांचे काम जास्त काळ रेंगाळले. वजनदार ते आधी थांबले, हा क्रम लहान-लहान तुकडे जोडून मोठे पिंड नंतर बनतात या अपेक्षेच्या उलट दिसतो, म्हणून १९९० च्या दशकात त्यावर बरीच डोकेफोड झाली.

त्या दशकातलीच एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. ५३डब्ल्यू०९१ ही ताम्रसृती १.५५ असलेली एक मंद रेडिओ दीर्घिका. (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाच्या तरंगलांब्या किती ताणल्या गेल्या, ते ताम्रसृती सांगते; ती जितकी जास्त, तितका प्रकाश जुना.) १९९६ मध्ये डनलॉप आणि सहकाऱ्यांनी तिच्या वर्णपटावरून, म्हणजे तरंगलांबीनुसार पसरवलेल्या प्रकाशावरून, तिथल्या ताऱ्यांचे वय किमान ३.५ अब्ज वर्षे काढले. तेव्हा अनेकांच्या पसंतीचे असलेले, केवळ द्रव्याने भरलेले सपाट विश्व धरले, तर त्या ताम्रसृतीला विश्वाचे स्वतःचेच वय तेवढे भरत नव्हते. मूल आईपेक्षा थोरले निघाले. काहींनी त्याच वर्णपटावरून दीड ते दोन अब्ज वर्षे एवढेच वय काढले, आणि ते मतभेद ताऱ्यांच्या प्रारूपांविषयीचे होते. दोनच वर्षांनी सुपरनोव्हांवरून विश्वाचे प्रसरण वेगावत असल्याचे दिसले. आजच्या हिशेबाने १.५५ ताम्रसृतीला विश्व सुमारे ४.२ अब्ज वर्षांचे होते, त्यामुळे जुने उत्तरही आता बसते आणि नवेही. दूरच्या दीर्घिकेतील ताऱ्यांचे वय काढताना प्रारूपातली चूक आणि विश्वाविषयीची चूक एकमेकींच्या आड लपू शकतात, हे माझ्या पिढीने या एका वस्तूवरून शिकून घेतले.

शेवटचा तारा कधी जन्मला, ही दुसरी तारीख खरी नाजूक. ती कशी वाचतात, हे एक वर्णपट समोर ठेवूनच सांगतो. समजा, दीर्घिकेची ताम्रसृती ०.८ आहे, म्हणजे प्रकाश सुमारे ७ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला आहे. सगळ्या तरंगलांब्या १.८ पटींनी ताणल्या गेल्या आहेत. कॅल्शियमच्या दोन ठळक शोषणरेषा, के आणि एच, मूळच्या ३९३४ आणि ३९६८ अँगस्ट्रॉमवरून (हे तरंगलांबीचे एकक) अनुक्रमे ७०८१ आणि ७१४३ वर आलेल्या दिसतील. या दोन खाचा शेजारी-शेजारी असतात. निव्वळ म्हाताऱ्या ताऱ्यांच्या वर्णपटात दोन्ही जवळपास सारख्याच खोल असतात. पण एच रेषेला अगदी खेटून, ३९७० वर, हायड्रोजनची एक रेषा आहे. हायड्रोजनच्या रेषा सर्वांत ठळक दिसतात त्या ए वर्गाच्या, म्हणजे सूर्याहून तप्त आणि पांढऱ्या ताऱ्यांत, आणि सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचा असा तारा सुमारे अब्ज वर्षेच जगतो. म्हणून उजवीकडची खाच डावीकडच्या खाचेपेक्षा खोल दिसली, की मागच्या अब्ज वर्षांत इथे तारे जन्मले होते, हे संगणकाला न विचारताही कळते. मग नजर ७३८३ वर न्यायची. तिथे हायड्रोजनची डेल्टा रेषा असते आणि ती ठळक असेल तर शंका उरत नाही. ०.८ ही ताम्रसृती या कामाला सोयीची आहे, कारण वातावरणातल्या ऑक्सिजनचे ६८७० आणि ७६०० जवळचे पट्टे या रेषांच्या दोन्ही बाजूंना पडतात आणि मधली खिडकी मोकळी राहते. ताम्रसृती थोडी वाढली, की यातलीच एखादी रेषा पट्ट्याखाली जाते आणि आठवडाभराचे निरीक्षण वाया गेल्यासारखे वाटते.

याच वर्णपटात ६७०९ वर ऑक्सिजनची उत्सर्जनरेषा, म्हणजे तप्त वायूची उजळ रेषा, असू शकते, आणि इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. उमेदवारीच्या काळात लाल दीर्घिकांच्या एका यादीत ही रेषा बऱ्याच ठिकाणी दिसली, तेव्हा मी तिच्यावरून तारानिर्मितीचा दर काढून तक्ता तयार केला. एका ज्येष्ठांनी तो पाहून एवढेच विचारले की हायड्रोजनची बीटा रेषा कुठे आहे. ती जवळजवळ नव्हतीच. तरुण ताऱ्यांमुळे उजळलेल्या वायूत हायड्रोजनच्या रेषाही तशाच दिसायला हव्यात. ऑक्सिजन ठळक आणि हायड्रोजन क्षीण असेल, तर त्या वायूला उजळणारे दुसरे कोणी असते, मंद जळणारे केंद्रीय कृष्णविवर किंवा म्हाताऱ्या ताऱ्यांचे उघडे पडलेले तप्त गाभे. लाल दीर्घिकांमधील या ऑक्सिजन रेषेचा बराच भाग या दुसऱ्या प्रकारचा असतो, हे पुढे मोठ्या पाहण्यांतून स्पष्ट झाले. माझा तक्ता अर्थातच रद्दीत गेला.

वर्णपटापेक्षा संवेदनशील साधन म्हणजे अतिनील प्रकाश. दीर्घिकेच्या ताऱ्यांपैकी वस्तुमानाने एकच टक्का तारे अब्ज वर्षांच्या आतले असतील तर नेहमीच्या दृश्य प्रकाशात त्यांचा वाटा थोडाच असतो आणि रंग किंचितच बदलतो. जवळच्या अतिनील प्रकाशात मात्र तेच तारे चित्र ठरवतात. राखेखालचा निखारा उजेडात दिसत नाही, हात जवळ नेला की जाणवतो, तसे हे आहे. २००३ मध्ये सोडलेल्या गॅलेक्स उपग्रहाची मोजमापे वापरून कविराज आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की जवळच्या अर्ली-टाइप दीर्घिकांपैकी किमान ३० टक्के दीर्घिकांचे रंग मागच्या अब्ज वर्षांतल्या तारानिर्मितीशी जुळतात, आणि अशा ताऱ्यांचे वस्तुमान एकूण ताऱ्यांच्या १ ते ३ टक्के भरते. ज्यांना आम्ही ‘लाल आणि मृत’ म्हणत होतो, त्या पुष्कळशा झोपलेल्या निघाल्या.

यावर एक रास्त आक्षेप आहे. म्हातारे तारेही अतिनील प्रकाश देतात. १९६८ मध्ये सोडलेल्या ओएओ-२ उपग्रहानेच देवयानी दीर्घिकेच्या केंद्रभागात असा अनपेक्षित अतिनील प्रकाश टिपला होता. हायड्रोजनचे बहुतेक आवरण गमावून बसलेले आणि गाभ्यात हेलियम जाळणारे छोटे तारे २०,००० अंशांहून अधिक तापतात आणि तरुण असल्याचे सोंग वठवतात. जवळच्या दीर्घिकेत हे सोंग ओळखणे कठीण जाते. गंमत अशी की इथे दूरची दीर्घिका जवळचीपेक्षा सोपी ठरते. सूर्याहून हलक्या ताऱ्याला त्या अवस्थेला पोहोचायला अनेक अब्ज वर्षे लागतात, आणि ताम्रसृती ०.५ ते १ च्या काळात विश्वाला तेवढी सवडच मिळालेली नव्हती. त्या काळच्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेत जवळचा अतिनील प्रकाश जास्त दिसला, तर तो तरुण ताऱ्यांचाच असण्याची शक्यता फार मोठी. शिवाय ०.८ ताम्रसृतीला २३०० अँगस्ट्रॉमचा मूळ प्रकाश ४१४० वर, म्हणजे दृश्य निळ्या भागात येऊन पडतो. जवळच्या दीर्घिकेसाठी उपग्रह लागतो. दूरच्या दीर्घिकेसाठी जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणीतला निळा फिल्टर पुरतो. पाच-सात अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतल्या तारानिर्मितीची प्रश्नात उल्लेखलेली मोजमापे मुख्यतः या वाटेने आली आहेत. ती खरी आहेत, पण ती मागच्या अंगाच्या खोलीची आहेत. मूळ लाकडाचे वय त्यांनी बदलत नाही.

या खोलीचे सामान येते कुठून? काही वायू म्हाताऱ्या ताऱ्यांनीच सोडलेला असतो, काही गिळलेल्या छोट्या दीर्घिकांनी आणलेला. ॲटलास-३डीमधल्या २२ टक्के दीर्घिकांत कार्बन मोनॉक्साइडच्या रेषांवरून थंड रेण्वीय वायू सापडला, म्हणजे कोठी अगदीच रिकामी नसते. दीर्घिकासमूहांच्या मध्यभागी बसलेल्या राक्षसी दीर्घिकांभोवती तर तप्त वायूचा अथांग साठा असतो आणि तो निवला तर तारे बनायलाच हवेत. बहुतेक ठिकाणी तो निवत नाही, कारण केंद्रातील कृष्णविवर त्याला सतत तापवत राहते. ययाती समूहातल्या एनजीसी १२७५ भोवती कृष्णविवराने फुगवलेल्या पोकळ्या चंद्रा उपग्रहाच्या क्ष-किरण चित्रांत उघड दिसतात. ही व्यवस्था कोलमडली तर काय होते, ते फिनिक्स समूहात पाहावे: ताम्रसृती ०.५९६, आणि मध्यवर्ती दीर्घिकेत दरवर्षी शेकडो सूर्यांइतके तारे जन्मत आहेत. आपल्या आकाशगंगेत हा दर वर्षाला एक-दोन सूर्यांइतका आहे.

तिसरी तारीख, एकत्र येण्याची, मी थोडक्यात सांगतो. कॉम्बो-१७ पाहणीवरून २००४ मध्ये असे दिसले की ताम्रसृती १ पासून आजपर्यंत लाल दीर्घिकांमधल्या ताऱ्यांचे एकूण वस्तुमान साधारण दुप्पट झाले आहे. लाल दीर्घिका नवे तारे फारसे बनवत नाहीत, तर ही भर निळ्या दीर्घिका विझून लाल यादीत आल्यामुळेच पडली असणार. त्या का विझल्या असाव्यात, याचा एक धागा नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने दिला. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतील शास्त्रज्ञांच्या चमूने तिच्या साहाय्याने ७,६५३ निळ्या दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचून ताम्रसृती १ च्या आसपासचा अण्वीय हायड्रोजन मोजला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबाने हा वायू तेव्हाच्या तारानिर्मितीला एक-दोन अब्ज वर्षेच पुरला असता. नवी आवक मंदावली की दुकान बंद होणार, एवढे त्यातून कळते. यातून निरीक्षकाच्या वाटेत एक खड्डाही तयार होतो: आजच्या लाल दीर्घिकांपैकी काही तेव्हा निळ्या होत्या, म्हणून केवळ तेव्हाच्या लाल दीर्घिका निवडून त्यांची आजच्यांशी तुलना केली, तर आपण सर्वांत आधी विझलेल्याच तेवढ्या वेचतो आणि सगळ्यांना आहेत त्यापेक्षा म्हातारे ठरवतो.

आकारही बदलला. २००८ मध्ये व्हॅन डोकम आणि सहकाऱ्यांनी ताम्रसृती २.३ जवळच्या नऊ विझलेल्या दीर्घिका हबल दुर्बिणीने पाहिल्या. वस्तुमान आजच्या राक्षसी दीर्घिकांएवढे, पण निम्मा प्रकाश जेमतेम ३,००० प्रकाशवर्षांच्या त्रिज्येत, म्हणजे आजच्या तुल्यबळ दीर्घिकांच्या पाचव्या हिश्शाएवढ्या त्रिज्येत. पुढे छोट्या दीर्घिका येऊन बाहेरच्या भागात मिसळत गेल्या, तर वस्तुमान थोडे आणि घेर बराच वाढतो, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते.

आता विश्वाच्या बाल्यातल्या विझलेल्या दीर्घिका. जीएस-९२०९ ची ताम्रसृती ४.६५८ आहे, म्हणजे तेव्हा विश्व सुमारे १.२५ अब्ज वर्षांचे होते. २०२३ मध्ये कार्नॉल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या वेबच्या वर्णपटात ए वर्गाच्या ताऱ्यांच्या त्याच हायड्रोजन रेषा आहेत, ज्या मी वर ०.८ ताम्रसृतीला दाखवल्या. फक्त इथे त्या अवरक्तात सरकल्या आहेत आणि दीर्घिकेचा बहुतेक प्रकाशच त्या ताऱ्यांचा आहे. सुमारे ३,८०० कोटी सूर्यांइतके तारे तिथे साधारण २० कोटी वर्षांत बनले आणि विश्व सुमारे ८० कोटी वर्षांचे असताना काम थांबले. भागाकार करून पाहा: वर्षाला सरासरी जवळजवळ २०० सूर्य, आणि तेही ७०० प्रकाशवर्षांच्या अर्धप्रकाश त्रिज्येत (जिच्या आत निम्मा प्रकाश सामावतो). आपला सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे, यावरून दाटीचा अंदाज यावा. तिथल्या रुंद हायड्रोजन रेषेवरून मध्यभागी सुमारे ५० कोटी सूर्यांइतके कृष्णविवर असल्याचे दिसते. एवढ्या वजनाचे विवर वाढताना बाहेर पडलेली ऊर्जा वायू हाकलायला पुरेशी होती, म्हणून संशय त्याच्यावर आहे. ही दीर्घिका आज बहुधा एखाद्या मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेचा गाभा असेल आणि तिच्या बाहेरच्या भागातले तारे नंतर कुठूनतरी आलेले असतील.

अशा बातम्या वाचताना झेडएफ-कॉसमॉस-२०११५ ची हकिगत लक्षात ठेवावी. ताम्रसृती ३.७१७ ची ही विझलेली दीर्घिका २०१७ मध्ये जाहीर झाली, आणि लगेच कोणीतरी निदर्शनास आणले की त्याच जागेवरून अल्मा दुर्बिणीला धुळीचे ठळक उत्सर्जन मिळते, म्हणजे धुळीआड तारे जन्मत असावेत. आणखी बारकाईने पाहिल्यावर ते उत्सर्जन सुमारे १०,००० प्रकाशवर्षे बाजूला सरकलेले निघाले. तिथे धुळीत पूर्ण बुडालेली दुसरीच एक दीर्घिका होती, आणि दृश्य चित्रांत ती दिसत नव्हती. विझलेली विझलेलीच राहिली. तिला मिळालेली शेजारीण मात्र तिच्याच वस्तुमानाच्या तोडीची आहे.